कै. पद्माकर यांचा दुजोरा

वासंतीबाईंनी आपल्या नवऱ्याला मारलं ते दिवाळीच्या पाडव्याला, भर सकाळी, आयर्लंडात. नवरा तेव्हा सांगलीत रमी खेळत होता आणि चांगला ठणठणीत होता.

आता यात चूक कुणाची, ते तुम्हीच ठरवा. बाई दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत मुलाकडे आल्या त्या तीन महिन्यांसाठी. मुलगा गिरीश पश्चिम आयर्लंडातल्या मेयो जिल्ह्यात, कासलबारच्या मोठ्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. सून मृणालिनी डब्लिनमधल्या एका कंपनीत. ऑफिस बॉल्सब्रिजला, पण काम घरूनच. नात क्षितिजा आठ वर्षांची. मराठी तिला सगळं कळायचं, उत्तर मात्र मेयोतल्या पोरांच्या इंग्रजीत यायचं. नवरा पद्माकरराव आलेच नाहीत. "मला तिथली थंडी सोसायची नाही," असं त्यांनी जाहीर केलं होतं. थंडी कसली डोंबलाची! दुपारचा रमीचा अड्डा सोडवत नव्हता, एवढंच. मार्चमध्ये विमानं थांबली. पुढे ती सुरू झाली तेव्हा गिरीश म्हणाला, "आई, लस येईपर्यंत थांब गं." थांबल्या. दुसरं काय करणार?

थांबल्या खऱ्या, पण बोलायचं कुणाशी? गिरीश घरी आला की आधी आंघोळ, मग झोप. मृणालिनी कानांना हेडफोन लावून बेडरूमचं दार बंद करून बसलेली. भूक लागली का विचारलं तर क्षितिजा टॅब्लेटमधून डोकंही न काढता म्हणायची, "आय'म ग्रँड, आजी." ग्रँड म्हणजे तिथे नुसतंच 'ठीक'. पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला सरकारची बंदी, आणि पाच किलोमीटरच्या आत बघावं तर मेंढ्या. राहता राहिली शेजारीण.

शेजारीण म्हणजे डेलिया व्हिटकोम, अमेरिकन लेखिका. वय बाईंच्याच आगेमागे, पांढरे केस बारीक कापलेले, पायांत कायम गमबूट. दोन्ही घरांच्या मध्ये छातीएवढी दगडी भिंत होती. अलीकडे वासंतीबाई, पलीकडे डेलिया; दोन मीटरचं अंतर आपोआप पाळलं जायचं. वासंतीबाईंचं इंग्रजी सांगलीच्या विमा कचेरीतलं. मयताला 'डिसीज्ड' म्हणायच्या, मृत्यूचे दावे तपासायच्या टेबलावर त्यांची सगळी नोकरी गेली होती, त्यामुळे "काइंडली" म्हटल्याशिवाय त्यांचं वाक्य जागचं हलायचं नाही. डेलियाला ते फार आवडायचं. दोघींचं अगदी अगं-तुगंवर आलं होतं, इंग्रजीत येतं तेवढं.

डेलियाची हकिगत बाईंना भिंतीवरूनच हप्त्याहप्त्यानं कळली. नेब्रास्कातल्या एका गावात तिचे वडील ट्रॅक्टरचे टायर विकायचे. पंचविशीत पोरीनं कादंबरी लिहिली, गावातल्याच लोकांवर. देशभर नाव झालं, आणि गावात तोंड दाखवायची सोय राहिली नाही. पुढे आणखी कादंबऱ्या, मग घरच्यांवरचे लेख. आईचं दुखणं, बहिणीचा घटस्फोट, स्वतःचे दोन नवरे, सगळं मासिकात छापून मोकळी! त्या लेखांनी तिला कादंबऱ्यांहून मोठं केलं. कॉलेजात शिकवायची नोकरी मिळाली, बक्षिसं मिळाली, गावोगावी भाषणं झाली. मग आईच्या शेवटच्या दिवसांवरचं पुस्तक आलं. आईनं डेलियाचा हात हातात घेऊन प्राण सोडला, असं त्यात एक प्रकरण होतं. लोक वाचून ढसाढसा रडले. आणि बहिणीनं पेपरात लिहिलं की त्या वेळी डेलिया खोलीतच काय, त्या राज्यातसुद्धा नव्हती.

झालं. बक्षीस परत करावं लागलं, नोकरी गेली, प्रकाशकानं फोन उचलणं सोडलं. "मला तिथे असायचं होतं गं, म्हणून रचलं," डेलिया एकदा म्हणाली. वासंतीबाईंना यात एवढं काय बिघडलं ते नीट कळलं नाही. आपल्याकडे आत्मचरित्रात एवढ्यातेवढ्याला कोण विचारतं? पण तिचा चेहरा बघून त्या गप्प बसल्या. त्यानंतर सात वर्षं डेलियानं एक ओळ छापली नव्हती. आजी आयर्लंडची, म्हणून सहा आठवड्यांसाठी इथे घर भाड्यानं घेतलं आणि लॉकडाउननं तिलाही अडकवून टाकलं. इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून ती उभ्यानं लिहायची आणि लिहिलेलं पुसून टाकायची. बाईंना ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायचं.

तर पाडवा. या वर्षी व्हिडिओवर ओवाळायचं, असं वासंतीबाईंनी ठरवलं होतं. रेशमी साडी नेसल्या, तबक केलं, निरांजन लावलं, फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला. पहिल्यांदा फोन उचलला नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा पद्माकररावांचं नुसतं नाक दिसलं आणि मागून पत्ते पिसल्याचा आवाज आला.

"अगं, डाव चाललाय. नंतर करतो ना!" आणि फोन बंद.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दार उघडून त्या तरातरा बागेत आल्या. डेलिया भिंतीपाशी वाळकी पानं गोळा करत होती.

"किती सुंदर दिसतेस! आज काय आहे?"

"आज नवऱ्याला ओवाळतात," बाई फणकारल्या.

"तुझा नवरा इंडियात असतो का? तू कधी बोललीच नाहीस त्याच्याबद्दल."

उभं आयुष्य मृत्यूचे दावे हाताळलेले. वाक्य जिभेवर तयारच होतं. "ही एक्स्पायर्ड," वासंतीबाई म्हणाल्या. "हार्ट अटॅक. टू थाउजंड सेव्हन्टीन."

बोलून झाल्यावर त्यांनी जीभ चावली. सणाचा दिवस, कपाळाला ठसठशीत कुंकू, गळ्यात मंगळसूत्र, आणि तोंडातून हे अभद्र! सांगलीत कुणासमोर असं बोलल्या असत्या तर समोरच्या बाईनं कुंकवाकडे बघून त्यांना वेड्यात काढलं असतं. डेलियाला त्यातलं काय कळणार? तिचे डोळे भरून आले. "आणि अजून त्याच्यासाठी इतकी नटतेस," ती म्हणाली. त्या दिवशी चहाच्या वेळेला भिंतीवर सफरचंदाचा गरम टार्ट आला.

दुसऱ्या दिवशी खरं सांगून टाकायचं, असं ठरवूनच बाई बागेत गेल्या. पण डेलियानं विचारलं, "कसा होता गं तो?" आणि विचारून ती खरोखर थांबली. वासंतीबाईंना प्रश्न विचारून उत्तरासाठी कुणी थांबलंय, असं कित्येक महिन्यांत झालं नव्हतं. मग काय, सुटल्याच. रोज संध्याकाळी मोगऱ्याचा गजरा आणायचे. माझ्यावर कविता करायचे. मला कृष्णेत पोहायला त्यांनीच शिकवलं. आमचं कधी एका शब्दानं भांडण झालं नाही. खरा पद्माकर म्हणजे गणिताचा मास्तर, गजऱ्याला वायफळ खर्च म्हणणारा. मेलेला पद्माकर त्याच्यापेक्षा सगळ्याच बाबतींत सरस निघाला. बाई त्याच्यात इतक्या गुंतल्या की सांगलीहून खऱ्याचा फोन आला की त्यांना जरा हिरमुसल्यासारखं व्हायचं. क्षितिजाला मात्र भिंतीकडे फिरकू द्यायचं नाही, एवढी खबरदारी घ्यावी लागे. ती पोरगी आजोबांशी रोज व्हिडिओवर बुद्धिबळ खेळायची.

फेब्रुवारीत एक दिवस पद्माकररावांचा फोन लागेना. सकाळी नाही, दुपारी नाही. आणि तिकडे पुन्हा पेशंट वाढायला लागल्याच्या बातम्या. आपणच बोललो, आपल्याच तोंडानं बोललो! शेवटी समोरच्या विभावरीला फोन करून घरी पळवलं, तर स्वारी गॅलरीत बसून शेंगा सोलत होती. मोबाइल आंघोळीच्या बादलीत पडला होता आणि लँडलाइनचा रिसीव्हर नीट ठेवलाच नव्हता म्हणे. जीव भांड्यात पडला, आणि बाईंनी देवासमोर नाक घासलं. आता बस्स. डेलियाला आजच्या आज सांगायचं.

त्या भिंतीपाशी पोचल्या, तर डेलियाच धावत आली. एवढी हसताना बाईंनी तिला कधी बघितलं नव्हतं.

"वासंती, मी लिहिलं! तुझ्यावर, पद्माकरवर, या भिंतीवर. न्यूयॉर्कच्या मासिकानं घेतलं. सात वर्षांनी! आणि ऐक, या वेळी मी एक अक्षर रचलेलं नाही. तू सांगितलंस तेच लिहिलंय. ते लोक प्रत्येक वाक्य तपासणार आहेत, तुला फोन करणार आहेत, तुझ्या घरच्या आणखी कुणाला तरी फोन करणार आहेत. करू देत! यात एक जरी खोटं सापडलं, तर मी पुन्हा कधी लिहिणार नाही, असं मी संपादकाला सांगून टाकलंय."

वासंतीबाईंची बोबडी वळली. "व्हेरी गुड," त्या म्हणाल्या. "काँग्रॅच्युलेशन्स."

घरात येऊन त्या खुर्चीत बसल्या त्या बसूनच राहिल्या. खरं सांगावं तर हिचा लेख बुडतो. न सांगावं तर हिच्या गळ्यात खोटं बांधलं जातं. पण विमा कचेरीतली इतकी वर्षं काही फुकट गेली नव्हती. दोन साक्षी जुळल्या की दावा मंजूर, हे त्यांना पाठ होतं. पहिली साक्ष आपली. दुसरीसाठी घरचं माणूस हवं. गिरीशला सांगायची सोय नव्हती, तो खोटं बोलताना लहानपणापासून कान खाजवतो. मग उरलं कोण?

त्यांनी सांगलीला फोन लावला.

"अहो, जरा बसून ऐका. तुम्ही वारलात."

पलीकडे वाजणारा रेडिओ बंद झाला. मग पद्माकररावांनी विचारलं, "कधी?"

"दोन हजार सतराला."

"कशानं?"

"हार्टनं."

"त्रास झाला का फार?"

"छे हो. झोपेतच."

"मग बरं झालं की," ते म्हणाले. "पण मग माझी पेन्शन कोण उचलतंय?" आणि ते इतके हसले की त्यांना ठसकाच लागला. बाईंनी सगळं सांगितलं: पाडवा, रमी, डेलिया, तिचं आजवरचं आयुष्य, तिची ही शेवटची संधी. पाडव्याचं ऐकून मात्र त्यांचं हसू थांबलं.

"मासिकाला तुमचा नंबर देतेय. उद्या तिथून ओवेन नावाच्या मुलाचा फोन येईल," बाई म्हणाल्या. "तुम्ही म्हणजे तुमचे धाकटे भाऊ, प्रभाकर. तो विचारेल त्याला हो म्हणायचं. जास्त बोलायचं नाही."

"मी कशाला जास्त बोलतोय?"

तास संपल्याची घंटा ऐकूनही फळा न सोडणारा माणूस हे म्हणत होता. बाईंनी देवाला हात जोडले.

त्यानंतर दोन दिवसांनी, दुपारच्या जेवणाची भांडी आवरून होताहेत तोच, ओवेनचा फोन त्यांना आला. आवाजावरून पोरगा पंचविशीचा असावा, आणि भलताच चिकट. भिंत किती उंच? साडीचा रंग कुठला? टार्ट सफरचंदाचाच होता ना? अशी चौकशी त्यांनी स्वतः कैक विधवांची केली होती. "येस. करेक्ट. येस," बाई म्हणत गेल्या. हायसं वाटायला लागलं होतं.

"तुमच्या दिरांशीही बोललो," ओवेन म्हणाला. "फार मदत केली त्यांनी. दीड तास बोलले."

वासंतीबाईंनी कपाळावर हात मारला.

"भाऊ वारल्याचं त्यांनी सांगितलं. तारीखही जुळते. बाकी मात्र थोडे फरक आहेत. गजरा. ते म्हणतात, भावानं आयुष्यात एकदाही आणला नाही. मी दोनदा विचारलं. म्हणाले, वहिनी मनानं मोठी आहे, म्हणून तसं सांगते. कविता. ते म्हणतात, भावाला कविता आणि रेल्वेचं टाइमटेबल यांतला फरक कळत नसे. पोहणं. भाऊ नदीत कमरेच्या वर कधी गेला नाही. भांडणं. तुम्ही म्हणता कधीच नाही, ते म्हणतात रोज, आणि चूक बहुतेक वेळा भावाचीच."

मेला तेवढं कबूल, बाकी एका अक्षराला दुजोरा नाही! जन्मभर पोरांच्या वह्यांत लाल शाईनं फुल्या मारलेला माणूस. स्वतःचं मरण पचवलं, पण चुकीचं उत्तर बरोबर म्हणवेना. बाईंना इतका राग आला की फोन कानापासून लांब धरला.

"आणि एक गोष्ट त्यांनी आपणहून सांगितली," ओवेनचा आवाज येतच होता. "ती लेखात नाही. पण मला समजून घ्यायची आहे. मी जसंच्या तसं वाचतो. 'माझ्या वहिनीला ऑफिसात मोठं प्रमोशन मिळालं होतं. अधिकारी म्हणून सोलापूरला बदली. भावानं तोंडानं नको म्हटलं नाही. फक्त आठवडाभर ताटावर बसून नुसता भात चिवडत राहिला. वहिनीनं प्रमोशन नाकारलं. भाऊ हेडमास्तर झाला, लोक अजून रस्त्यात त्याच्या पाया पडतात. वहिनी ज्या खुर्चीवर होती त्याच खुर्चीवरून रिटायर झाली. एका शब्दानं बोलली नाही. भावाला ते रोज आठवतं, पण तिच्यासमोर त्याचं तोंड उघडत नाही. ती आयर्लंडला गेल्यापासून तो स्वयंपाकघरात दिवसभर रेडिओ लावून ठेवतो. ऐकत नाही, नुसता लावतो.'"

वाचून झाल्यावर ओवेन म्हणाला, "मॅडम, इथे माझा हिशोब जुळत नाही. तुमचे मिस्टर वारले सतरात. तुम्ही आयर्लंडला आलात वीसमध्ये."

सोलापूरचा विषय त्या घरात पुन्हा कधी निघाला नव्हता. ह्यांच्या लक्षातही नसेल, असंच त्या धरून चालल्या होत्या. कधी एकट्या असताना त्यांना वाटायचं, निदान एकदा तरी विचारायचं होतं, वासंती, तुला जायचं होतं का? आणि आता एका अमेरिकन पोराच्या तोंडून उत्तर येत होतं. त्यांना रडू फुटलं.

"पुन्हा वाचा," त्या म्हणाल्या. "काइंडली."

त्यानं पुन्हा वाचलं.

दिराचं वय झालंय, घोटाळा करतो, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. लेख छापून आला असता, डेलियाचं नाव पुन्हा झालं असतं. खरं सांगितलं तर लेख आत्ता, या क्षणी बुडणार होता, आणि या वेळी त्या बिचारीची काही चूक नव्हती. पण छापून आल्यावर सांगलीच्या एखाद्या भाच्यानं वाचलं तर? मग डेलिया जन्मातून उठली असती. हे सगळं बाईंना कळत होतं. त्याहूनही, असं बोलणाऱ्या माणसाला मेलेला म्हणायला आता त्यांची जीभ उचलत नव्हती.

"ओवेन, त्यांनी सांगितलं ते सगळं बरोबर आहे. मी सांगितलं ते सगळं चूक. आणि ते माझे दीर नाहीत."

"मग कोण?"

"डिसीज्ड," वासंतीबाई म्हणाल्या. "डिसीज्ड हिमसेल्फ."

ओवेनला तासभर थांबायला सांगून त्या तशाच घरातल्या सपाता घालून भिंतीकडे धावल्या. डेलियाला हे दुसऱ्या कुणाकडून कळायला नको होतं. धाप लागलेली असतानाच त्यांनी सांगून टाकलं. काही लपवलं नाही, कारणंही दिली नाहीत.

"जिवंत आहे?" डेलियानं विचारलं.

"हो."

"गजरा?"

"नाही."

"कविता?"

"नाही."

"मी त्याच्यासाठी रडलेय, वासंती," डेलिया म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "एक खोटं वाक्य लिहिलं जाऊ नये म्हणून सात वर्षं मी एकही वाक्य लिहिलं नाही. आणि मग तुझ्यावर विश्वास ठेवला."

ती आत गेली आणि तिनं खिडकीचा पडदा ओढला. वासंतीबाई पावसाच्या बुरबुरीत उभ्या राहिल्या. मैत्रीण गेली, तिचा लेख गेला, दोन्ही आपल्या एका फणकाऱ्यापायी. त्यांना आपली फार फार लाज वाटली.

घरात सांगणं भागच होतं. गिरीश नुकताच ड्यूटीवरून आला होता. "आई, तू बाबांना मारलंस?" तो म्हणाला.

"रागाच्या भरात."

मृणालिनी हसता हसता जमिनीवरच बसली. क्षितिजानं हेडफोन काढून विचारलं, "वेट, इज आजोबा डेड ऑर नॉट?" उत्तराची वाट न बघता तिनं सरळ आजोबांनाच फोन लावला.

पुढचे दिवस वाईट गेले. लेख अंकातून काढला, हे ओवेनकडून कळलं. बाई रोज काहीतरी करून डबा भिंतीवर ठेवायच्या: कधी थालीपीठ, कधी शिरा, एकदा तर अख्खी पुरणपोळी. डबा तसाच राहायचा. पुरणपोळी कावळ्यांनी नेली, आणि तेव्हा गिरीश म्हणाला, "बघ, दहावंही झालं बाबांचं." बाईंनी त्याच्याकडे असं काही बघितलं की तो मुकाट्यानं झोपायला गेला.

मे महिन्यात एक दिवस डेलिया डबा हातात घेऊन भिंतीपाशी उभी दिसली. बाई हातातली भाजी तशीच टाकून गेल्या.

"यात कसली तरी डाळ होती," डेलिया म्हणाली. "चांगली होती. मी तुझ्यावर अजून चिडलेलीच आहे."

"चिड की."

"संपादक म्हणते, जे झालं तेच लिही. मी नाही म्हटलं. मग इस्त्रीच्या टेबलापाशी उभी राहिले, आणि आपोआप लिहिलं गेलं. आईच्या खोलीचंही लिहिलं. मी तिथे नव्हते, कुठे होते, हॉटेलात काय जेवत होते, सगळं. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं." तिनं डबा भिंतीवर ठेवला. "या लेखात दोन थापाड्या बायका आहेत. दोघींची नावं खरी आहेत. तुझी परवानगी हवी."

वासंतीबाईंना तिला मिठी मारायची होती, पण मध्ये भिंत होती आणि सरकार होतं. "ग्रांटेड," त्या म्हणाल्या. मग दोघी तिथेच उभ्या राहून रडल्या, आणि डेलियानं पुरणपोळीचं काय झालं ते विचारल्यावर हसल्या.

लेख मोठा झाला होता, त्यामुळे तपासायलाही वेळ लागला. ओवेननं सगळं पहिल्यापासून विचारलं. भिंतीची उंचीसुद्धा पुन्हा विचारली. बाईंनी या वेळी टेप लावून मोजून सांगितली.

जूनमध्ये, दुपारच्या वेळी, पद्माकररावांचा व्हिडिओ आला. दाढी वाढलेली, अंगात बनियन, आवाज दबका.

"अगं, लँडलाइनवर तो ओवेन आहे. थांब म्हटलंय त्याला. सगळं विचारून झालं. गजरा, कविता, सोलापूर. आता शेवटचं म्हणतोय. मी जिवंत आहे, याला दुजोरा द्या म्हणतोय."

"मग द्या की!"

"कसा देऊ? मागच्या वेळी मीच मेलो म्हणून सांगितलंय त्याला. माझ्या शब्दाला आता काय किंमत? मी म्हटलं, बायकोला विचारून सांगतो."

वासंतीबाईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. गाल बसले होते. बनियन खांद्यावर फाटलं होतं. समोर असते तर आधी बनियनवरून बोलल्या असत्या.

"त्याला सांगा, पुढच्या महिन्यात बायको येतेय. ती स्वतःच्या डोळ्यांनी बघेल आणि मग कळवेल."

चष्मा काढून पद्माकररावांनी तो बनियनच्या टोकाला पुसला, आणि पुन्हा घालायचा विसरले.

"खरंच येतेस?"

"लस झाली, तिकीट काढलं."

"बरं," ते म्हणाले. त्यांनी लँडलाइनकडे बघितलं. "मग तोपर्यंत काय करू मी?"

"तोपर्यंत जिवंत राहा," वासंतीबाई म्हणाल्या. "बाकी काही करू नका."